दोन नंबरची पिन

वडगावात आमच्या गल्लीत
रात्री दहापर्यंत माग चालतात.
तांब्यातलं पाणीसुद्धा
खटक्याच्या तालावर थरथरतं.

भरमाण्णाच्या चार मागांत तिसरा खोडसाळ.
ताण्याचा एक धागा तुटतो, कुणाला कळत नाही,
आणि पाऊण वार साडीभर
एक बारीक उभी रेघ उतरून जाते.
दलाल तिच्यावर नख ठेवतो, पैसे कापतो.

"पॉलिटेक्निकात शिकालीस न्हवं,
तुटलेला धागा हाक मारंल
असं कायतरी कर की."

पहिला प्रोग्राम मी असा लिहिला:
तुटला का? नाही.
तुटला का? नाही.
तुटला का?
मधेच स्क्रीनवर वारांचा आकडा लिहायला गेला
आणि तेवढ्यात तुटला.
सेकंदाला हजारदा विचारणारा
नेमका तेव्हा पाठमोरा.

लहानपणी बसमध्ये मी असंच करायची.
सांबरं आलं का? आता आलं का?
आई म्हणायची, झोप तू.
आलं की उठवते.

ते इतकंच असतं
हे कळायला मला तीन आठवडे लागले.
दोन नंबरच्या पिनेला एकदा सांगून ठेवायचं:
धाग्यावर टांगलेली पत्ती खाली सळीवर पडली,
व्होल्टही पडला,
की हातातलं सोडून धाव.
एरवी आपलं काम कर. विचारू नकोस.

मी हौसेनं त्या धावण्यातच सगळं भरलं.
मोटार थांबव, दिवा लाव, तारीख लिही,
अर्धा सेकंद थांब, मग शिट्टी.
बोर्ड गप्प झाला तो झालाच.
मोटारी बांधणारा सिद्राय
तांब्याच्या तारेवरची नजर न काढता म्हणाला,
"दारात कोण आलंय ते बघून यायचं.
तितंच जेवाय बसायचं न्हाई."

मग फक्त एक खूण करून परतायला शिकवलं.
खरं, ती खूण मुख्य प्रोग्रामला दिसेचना.
तो मघाचंच उत्तर मनात धरून बसलेला.
त्याच्या कपाळावर लिहावं लागलं, व्होलाटाईल:
आठवणीवर जाऊ नकोस,
दर वेळी नव्यानं बघ.

एक धागा तुटला, मोजले सतरा.
पत्ती सळीवर पडून नाचत होती.
ते निस्तरलं, तर काहीच न तुटता माग थांबायला लागला.
भरमाण्णा बोटानं एकेक धागा चाचपायचा
आणि वैतागून कानडीत,
"एनू इल्ला! एनू इल्ला!"
मोकळी लोंबती पिन
शेजारच्या मोटारीची कुजबुजही
हाक म्हणून ऐकत होती.
दहा हजार ओहमचा एक रोधक,
वाटाण्याएवढाही नाही,
त्यानं तिला वर धरून ठेवलं.

या सगळ्या दिवसांत आई
उंबऱ्याशी बसून कांड्या भरत होती.
एकशे बारा. कुणी दार वाजवलं.
तिनं वरची कांडी आडवी ठेवली,
उठली, गॅसवाल्याला पैसे दिले,
मावशीचा फोन घेतला, दूध उतरवलं,
परत आली, आडवी कांडी सरळ केली.
एकशे तेरा.

मी पुस्तकात ते पान शोधत होते.

गुरुवारी पावणेदहाला
चार मागांच्या आवाजात एक भोक पडलं.
तिसरा थांबला होता.
भरमाण्णा वाकला, टोक शोधलं,
थुंकीनं ओलं करून गाठ मारली,
दांडा ओढला.
कापडावर हात फिरवला, उजेडात धरलं, सोडलं.
शाबास वगैरे काही नाही.
"पयल्याला कधी बसवतीस?"

घरी येऊन वही उघडली.
उद्या गणिताचा पेपर,
आणि मी कुठल्या उदाहरणावर होते
ते काही केल्या आठवेना.
आईनं मान वर न करता
ढिगातली एक रिकामी कांडी
माझ्या वहीवर आडवी ठेवली.